ताटलीतलं यकृत कोणाचं?

क्षयरोगाचं निदान झालं की सरकारी दवाखान्यातून गोळ्यांचं जे पाकीट हाती पडतं, त्यातल्या एकेका गोळीत चार औषधं असतात : ७५ मिलिग्रॅम आयसोनियाझिड, १५० मिलिग्रॅम रिफॅम्पिसिन, ४०० मिलिग्रॅम पायराझिनामाइड आणि २७५ मिलिग्रॅम इथॅम्ब्युटॉल. रुग्णाचं वजन करून गोळ्यांची संख्या ठरते आणि त्या रोज घ्यायच्या असतात. दोन महिने चारही औषधं, मग चार महिने पायराझिनामाइड सोडून उरलेली तीन. धारावीत हीच गोळी मिळते आणि बुलढाणा जिल्ह्यात मेहकर तालुक्यातल्या आमच्या जानेफळातही हीच. या चारांतली तीन औषधं यकृताला इजा करू शकतात. चौथं यकृताला सोडतं, पण त्यात डोळे सांभाळावे लागतात.

हे लिहिताना मला गोळ्यांची भीती घालायची नाही. क्षयाचं औषध अर्धवट सोडणं हा त्याहून कितीतरी मोठा धोका आहे. जगातल्या क्षयरुग्णांपैकी सुमारे चौथा हिस्सा आपल्या देशात आहे आणि याच गोळ्यांनी त्यातले बहुतेक जण खडखडीत बरे होतात. पण काही जणांना त्या बाधतात, आणि कोणाला बाधतील ते आधी सांगता येत नाही. बंगळुरूच्या सेंट जॉन्स रुग्णालयातले डॉ. हर्षद देवरभावी यांच्या पुढाकाराने देशातल्या अनेक रुग्णालयांनी मिळून २०१३ ते २०१८ या काळात औषधांमुळे यकृत बिघडलेल्या १,२८८ रुग्णांची नोंद केली. त्यात ४६ टक्क्यांहून अधिक रुग्णांच्या बाबतीत कारण होतं क्षयाची औषधं. दुसऱ्या क्रमांकावर, सुमारे १४ टक्के, आयुर्वेदिक आणि इतर पर्यायी औषधं. नोंदलेल्यांपैकी साधारण आठातला एक दगावला. पाश्चात्त्य देशांतल्या याद्यांत वरच्या जागी प्रतिजैविकं दिसतात, पॅरासिटामॉलचा अतिरेक दिसतो. आपली यादी वेगळी आहे. ती आपल्या आजारांची यादी आहे.

प्रयोगशाळेत वाढवलेल्या मानवी यकृताच्या ऊतीवर औषधाचं विष आधीच ओळखता येईल का, यावर जगभर काम चाललं आहे. ते काम थक्क करणारं आहे. त्याबद्दल वाचताना माझ्या मनात मात्र एकच प्रश्न पुन्हा पुन्हा येत राहिला : ताटलीतलं ते यकृत कोणाचं आहे?

आमच्या भागात औषध बाधलं तर लोक ‘गोळ्या गरम पडल्या’ म्हणतात. आधी जेवण नको वाटतं, अन्नाचा वास सहन होत नाही, मळमळतं. मग लघवी पिवळीजरद होते आणि शेवटी डोळे पिवळे दिसायला लागतात. इथवर आलं की माणूस दवाखान्यात जाण्याआधी काविळीवाल्याकडे जातो. कावीळ उतरवणारे जवळपास प्रत्येक पंचक्रोशीत आहेत. कोणी काड्यांची माळ गळ्यात घालतं. दिवसागणिक माळ लांब होत पोटापर्यंत आली की कावीळ उतरली असं मानतात. दोऱ्याच्या गाठी सैल होतात, म्हणून ती लांबते. कोणी चुन्याच्या पाण्यात हात धुवायला लावतं आणि पाणी पिवळं झालेलं दाखवतं. कोणी देवडांगरीच्या फळाचं पाणी नाकात सोडतं. नाकातून पिवळं पाणी भळाभळा वाहतं आणि माणसाला वाटतं, आजारच बाहेर पडला.

विषाणूमुळे झालेली साधी कावीळ अनेकदा आपोआप बरी होते, त्यामुळे काविळीवाल्याचं नाव राहतं. औषधाने झालेल्या काविळीत हिशेब उलटा असतो. तिथे एकच गोष्ट तातडीची असते : बाधणारी गोळी त्याच दिवशी थांबवणं. माळ गळ्यात, गोळ्या चालूच, असे आठ-दहा दिवस गेले की वेळ हातातून निसटते. माझ्या आत्याच्या बाबतीत हे थोडक्यात टळलं. नाकात पाणी सोडून झालं होतं आणि गोळ्या नेमाने चालू होत्या, कारण एकही दिवस चुकवायचा नाही हे तिला बजावलेलं होतं. तिने ते मनापासून पाळलं होतं. रक्ताची तपासणी झाली तेव्हा यकृतातलं एएलटी हे विकर रक्तात अनेक पटींनी वाढलेलं निघालं. सगळ्या गोळ्या बंद केल्या. आकडे उतरल्यावर एकेक औषध थोड्या दिवसांच्या अंतराने, दर वेळी रक्त तपासत, पुन्हा सुरू केलं. ती बरी झाली. अमेरिकी वैद्य हायमन झिमरमन यांनी सांगितलेला आणि आज जगभर पाळला जाणारा ठोकताळा असा की औषधामुळे एएलटी तिपटीहून वाढलं आणि सोबत कावीळही झाली, तर अशा दहांतला एक रुग्ण दगावू शकतो. हा आकडा मला नंतर कळला. तेव्हा कळला नाही ते बरंच झालं.

ज्या गोळीने शेजारच्या चार जणांना काही झालं नाही, ती पाचव्याला का बाधते? आयसोनियाझिडच्या बाबतीत याचं उत्तर बरंचसं माहीत आहे.

पोटातून शोषलेलं औषध प्रतिहारी शिरेतून आधी यकृतात जातं. यकृतातलं एन-ॲसिटिल ट्रान्सफरेज-२ नावाचं विकर आयसोनियाझिडला ॲसिटिल गट जोडतं. त्या औषधाचे पुढे तुकडे होतात, त्यातल्या एकाचं नाव ॲसिटिलहायड्राझिन. या तुकड्यापुढे दोन वाटा असतात. तेच विकर त्याला आणखी एक ॲसिटिल गट जोडून निरुपद्रवी करतं आणि मूत्रपिंडावाटे बाहेर लावतं. नाहीतर सायटोक्रोम पी-४५० घराण्यातलं २ई१ हे विकर त्यावर काम करतं, आणि त्यातून असं काही निर्माण होतं जे यकृताच्या पेशीतल्या प्रथिनांना चिकटून त्यांची मोडतोड करतं. पहिली वाट कोणाकडे रुंद असेल आणि कोणाकडे अरुंद, ते आईवडिलांकडून आलेल्या जनुकांवर ठरतं. काही माणसं ॲसिटिल जोडण्यात वेगवान असतात, काही संथ. संथ माणसाच्या यकृतात तो तुकडा रेंगाळतो आणि त्यातला जास्त भाग दुसऱ्या वाटेने जातो. रिफॅम्पिसिन यकृतातल्या विकरांना चेतवतं. दारू २ई१ वाढवते. कुपोषणात शरीराची संरक्षणाची शिबंदी आधीच कमी झालेली असते. जपानी लोकांत संथ माणूस दहात एखादा असतो. भारतात निम्म्याहून जास्त लोक संथ आहेत.

हे औषध यकृताला बाधतं, हे ठाऊक व्हायलाही वेळ लागला. आयसोनियाझिड १९५२ साली वापरात आलं, तेव्हा ते अतिशय सुरक्षित मानलं गेलं. क्षयाचा रुग्ण मरत होता, त्याला जगवणारं औषध मिळालं होतं. यकृताकडे कोण पाहणार? १९७० साली वॉशिंग्टनमध्ये कॅपिटॉल हिलवरच्या काही कर्मचाऱ्यांना क्षय झाल्याचं आढळलं, म्हणून त्यांच्या संपर्कातल्या २,३२१ जणांना प्रतिबंधक म्हणून हे एकच औषध दिलं. ही आजारी माणसं नव्हती, धडधाकट होती. त्यांच्यापैकी १९ जणांना यकृतदाह झाला, दोघे गेले. तेव्हा कुठे वैद्यकविश्वाने या औषधाची यकृतबाधा गांभीर्याने घेतली. औषध बाजारात येऊन तोवर अठरा वर्षं झाली होती. त्या अठरा वर्षांत जगभरच्या सॅनिटोरियममध्ये आणि खेड्यांत किती जणांची कावीळ ‘दुसरी कसली तरी’ म्हणून गेली असेल, त्याचा हिशेब कोणाकडेच नाही.

मग प्राण्यांवर चाचण्या होतात त्याचं काय? त्या होतात, आणि त्यांनी असंख्य विषारी रसायनं माणसापर्यंत येण्याआधीच अडवली आहेत, हे मान्य करायला हवं. २००० साली औषध कंपन्यांनी मिळून १५० औषधांचा लेखाजोखा मांडला. माणसात दिसलेल्या बाधांपैकी ७१ टक्के बाधा आधी कुठल्या ना कुठल्या प्राण्यात दिसल्या होत्या. रक्त, पोट, हृदय यांबाबत ताळा बरा जमला. यकृताबाबत तो त्या सरासरीच्या बऱ्याच खाली राहिला. उंदराचं यकृत आणि माणसाचं यकृत दिसायला सारखी, पण औषध मोडण्याच्या त्यांच्या रीती वेगळ्या.

याचं सर्वांत हृदयद्रावक उदाहरण १९९३ सालचं आहे. हेपटायटिस-बीवर फायलुरिडिन नावाचं औषध येऊ घातलं होतं. उंदीर, कुत्री, माकडं यांच्यावर ते सुरक्षित ठरलं होतं. अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेत १५ रुग्णांवर दीर्घ मुदतीची चाचणी सुरू झाली. काही आठवडे सगळं उत्तम होतं, विषाणू कमी होत होता. मग जूनमध्ये एका रुग्णाचं यकृत कोसळलं. औषध त्याच दिवशी सर्वांचं बंद केलं, तरी बाकीच्यांचं कोसळणं थांबेना. सात जणांचं यकृत निकामी झालं. पाच मरण पावले, दोघे यकृत-प्रत्यारोपणामुळे वाचले. कारण पुढे कळलं. पेशीतल्या ऊर्जा तयार करणाऱ्या तंतुकणिकांच्या आवरणावर माणसात एक वाहक प्रथिन असतं, ते या औषधाला आत नेत होतं. उंदरांच्या तंतुकणिकांवर ते प्रथिन तसं नसतं. त्यामुळे उंदीर वाचले आणि उंदरांकडे पाहून ज्यांनी औषध दिलं त्यांना काहीच दिसलं नाही. त्या डॉक्टरांकडून कुठलाही निष्काळजीपणा झालेला नव्हता. त्यांच्यापाशी मानवी यकृतावर आधी विचारून पाहण्याची सोय नव्हती.

ही सोय उभी करणं वाटतं तितकं सोपं नाही. प्रत्यारोपणाला चालणार नाही अशा दान केलेल्या यकृतातून पेशी सोडवून घेता येतात. पण प्लास्टिकच्या ताटलीत ठेवल्या की त्या काही दिवसांतच चपट्या होतात, औषध मोडणारी विकरं बनवणं सोडून देतात. मुलखापासून तुटलेल्या माणसाची बोली जावी तशी त्यांची यकृतपणाची ओळख जाते. जिवंत दिसतात, पण औषधाबद्दल विचारलं तर खोटं उत्तर देतात.

म्हणून गेली वीस-पंचवीस वर्षं सगळी खटपट या पेशींना आपण यकृतातच आहोत असं वाटावं यासाठी चालली आहे. मॅसॅच्युसेट्स तंत्रज्ञान संस्थेतल्या संगीता भाटिया आणि त्यांचे विद्यार्थी सलमान खेतानी यांनी २००८ साली दाखवलं की यकृतपेशींची नेमक्या आकाराची छोटी बेटं करून भोवती आधार देणाऱ्या दुसऱ्या पेशी ठेवल्या, तर त्या कित्येक आठवडे आपलं काम करत राहतात. फायलुरिडिनची बाधा दिसायला आठवडे लागले होते, हे आठवलं तर या ‘कित्येक आठवडे’चं मोल कळतं. दुसऱ्या गटांनी पेशींचे सूक्ष्म गोळे केले. गोळ्यात पेशींना चहूबाजूंनी शेजार मिळतो. डोनाल्ड इंगबर यांच्या हार्वर्डमधल्या गटाने २०१० साली फुप्फुसाची चिप केली आणि त्यातून पुढे यकृताची चिप आली. पारदर्शक, लवचीक पॉलिमरचा एक छोटा ठोकळा. आत दोन अरुंद कालवे, मध्ये सच्छिद्र पडदा. एका बाजूला यकृताच्या मुख्य पेशी, दुसऱ्या बाजूला रक्तवाहिनीच्या अस्तराच्या, कुफर आणि तारकाकृती पेशी. कालव्यांतून पोषक द्रव सतत वाहता. त्या द्रवात औषध सोडायचं आणि अल्ब्युमिन किती बनतंय, एएलटी किती गळतंय ते मोजायचं. जे आत्याच्या रक्तात मोजलं, तेच इथे कोणाला त्रास न होता मोजलं जातं.

आपल्या देशातही हे काम झालं आहे. बंगळुरूच्या पॅन्डोरम टेक्नॉलॉजीज या कंपनीने २०१५ च्या अखेरीस त्रिमितीय मुद्रणाने मानवी यकृताची ऊती तयार केल्याचं जाहीर केलं. तुहिन भौमिक आणि अरुण चंद्रू हे तिचे संस्थापक. हैदराबादला पेशी व रेणू जीवशास्त्र केंद्राच्या आवारात प्राण्यांऐवजी मानवी प्रारूपांवर काम करणारं केंद्र उभं राहिलं. महाराष्ट्रात माटुंग्याच्या रसायन तंत्रज्ञान संस्थेत आणि पवईच्या आयआयटीत पेशींच्या त्रिमितीय रचनांवर, चिपवर संशोधक काम करत आहेत. पुण्यात गणेशखिंडीला, विद्यापीठाच्या आवारात राष्ट्रीय पेशीविज्ञान केंद्र आहे. देशभरच्या प्रयोगशाळांना लागणाऱ्या पेशी तिथून गोठवलेल्या कुप्यांतून जातात.

चिपच्या परीक्षेचा सर्वांत मोठा निकाल डिसेंबर २०२२ मध्ये छापून आला. एम्युलेट या अमेरिकी कंपनीने ८७० यकृतचिप वापरून २७ औषधं तपासली. माणसात यकृताला घातक ठरलेल्यांपैकी ८७ टक्के औषधं चिपने ओळखली, आणि निर्दोष औषधांपैकी एकालाही दोषी ठरवलं नाही. यातली कित्येक घातक औषधं प्राण्यांच्या चाचण्यांतून सहीसलामत सुटून बाजारात आलेली होती. अभ्यास चिप विकणाऱ्या कंपनीचाच आहे आणि निर्दोष औषधं त्यात जेमतेम पाच होती, हे लक्षात ठेवूनही निकाल मोठा आहे. त्याच महिन्यात अमेरिकेत नवा कायदा झाला आणि औषध माणसांत नेण्याआधी प्राण्यांवरच चाचणी हवी ही सक्ती गेली. आपल्याकडे मार्च २०२३ मध्ये नवी औषधं आणि वैद्यकीय चाचण्या यांच्या २०१९ च्या नियमांत दुरुस्ती झाली. पेशींच्या त्रिमितीय रचना, ऑर्गनॉइड (पेशींपासून वाढवलेले इवले अवयव), चिप, जैवमुद्रण यांना त्यात जागा मिळाली. भारत या बाबतीत मागे राहिला नाही, याचं समाधान आहे. पण नियमाने वापरायला मुभा दिली आहे. कोणाची ऊती वापरायची, त्यावर तो काही सांगत नाही.

आणि इथेच मला पुन्हा पुन्हा अडायला होतं.

जगभरच्या प्रयोगशाळांत यकृताच्या म्हणून सर्वांत जास्त वापरल्या जाणाऱ्या पेशींचं नाव हेप-जी-२. त्या अर्जेंटिनातल्या एका पंधरा वर्षांच्या मुलाच्या यकृतातल्या गाठीतून १९७० च्या दशकात काढलेल्या आहेत. त्या अमर्याद वाढतात, स्वस्त आहेत, कुठेही मिळतात. औषध मोडणारी विकरं त्यांच्यात फार कमी आहेत. आपल्याकडच्या किती प्रबंधांत ‘यकृतावर सुरक्षित’ हे वाक्य या एका मुलाच्या गाठीच्या भरवशावर लिहिलेलं आहे! चिपमध्ये वापरतात त्या अस्सल यकृतपेशी बहुतेक अमेरिकी किंवा युरोपीय दात्यांच्या असतात, आणि एका अभ्यासात एक-दोन-तीन दाते असतात. एम्युलेटच्या त्या मोठ्या अभ्यासातही दाते मोजकेच होते.

समजा, उद्या क्षयाचं नवं औषध आलं. त्याची तपासणी चिपवर झाली, आणि चिपमधला दाता वेगवान ॲसिटिल जोडणारा, पोटभर जेवणारा, तिशीतला माणूस निघाला. निकाल ‘सुरक्षित’ येईल. तो निकाल त्या माणसापुरता खराही असेल. मग ते औषध सोयाबीनच्या सोंगणीला जाणाऱ्या, चाळीस किलो वजनाच्या, हिमोग्लोबिन आठवर असलेल्या, संथ यकृताच्या बाईला दिलं जाईल. तिची परीक्षा कोणी घेतलेलीच नसेल. प्राण्यांच्या जागी मानवी ऊती आली तरी परीक्षेचा शेवटचा पेपर गावातच द्यावा लागेल.

असा पेपर गावाने देणं ही आमच्या जिल्ह्याला अपरिचित गोष्ट नाही. २०२४ चं वर्ष सरता सरता शेगाव तालुक्यातल्या बोंडगाव, कालवड, हिंगणा या आणि आसपासच्या गावांत माणसांचे केस मुठीने गळायला लागले. आधी पाण्याचा, मग बुरशीचा संशय आला. विंचूदंशावरच्या कामासाठी ख्यात असलेले डॉ. हिम्मतराव बावस्कर यांनी रक्ताचे, केसांचे, धान्याचे नमुने तपासून बोट ठेवलं ते रेशनच्या गव्हातल्या जादा सेलेनियमवर. तो मामला औषधाचा नव्हता, धान्याचा होता. पण क्रम तोच : आधी माणसाच्या अंगावर दिसतं, मग नमुना प्रयोगशाळेत जातो. हा क्रम उलटा करणं, हेच तर ताटलीतल्या यकृताचं वचन आहे. ते वचन आम्हालाही लागू व्हावं एवढीच मागणी आहे.

ते लागू करण्याच्या वाटा आहेत. मृत्यूनंतरचं अवयवदान आपल्याकडे दहा लाखांमागे एकाच्याही खाली आहे, त्यामुळे दान केलेल्या यकृतातून पेशी साठवायच्या म्हटलं तर हाती फार थोडं लागेल. जे यकृत मिळेल ते आधी प्रत्यारोपणालाच गेलं पाहिजे. दुसरी वाट रक्तातून जाते. शिन्या यामानाका यांनी २००६ साली उंदराच्या आणि २००७ साली माणसाच्या प्रौढ पेशी मागे नेऊन त्यांना मूळपेशींसारखं करून दाखवलं. २०१२ चं नोबेल त्यांना त्यासाठी मिळालं. म्हणजे एखाद्याच्या चमचाभर रक्तातून अशा मूळपेशी करायच्या आणि त्यांना यकृताच्या दिशेने वाढवायचं. जपानमधल्या ताकेबे यांच्या गटाने २०१३ साली या रीतीने यकृताचा कोंब वाढवला. २०२१ मध्ये अशाच ऑर्गनॉइडवर २३८ औषधं तपासली गेली आणि जवळपास ८९ टक्के अचूकता मिळाली. अशा यकृताची एक उणीव आहे : ते गर्भातल्या बाळाच्या यकृतासारखं कोवळं राहतं, प्रौढ विकरं त्यात पुरेशी उमलत नाहीत. पण त्याचा गुण असा की ज्याचं रक्त, त्याचीच जनुकं. संथ माणसाचं यकृत संथच निघतं.

आणि म्हणून मला वाटतं की अशा ऊतींच्या पेढीसाठी सर्वांत मोलाचे दाते ज्यांना आधी गोळ्या बाधल्या आणि जे त्यातून वाचले, तेच आहेत. निरोगी स्वयंसेवक हजारो मिळतील. पण जिच्या यकृताने एकदा ‘नाही’ म्हटलं आहे, तिच्या पेशी एक उत्तर आधीच देऊन बसल्या आहेत. चिपने तेच उत्तर दिलं तर चिपवर विश्वास ठेवायचा. नाही दिलं तर चिप सुधारायची. परीक्षकाचीच परीक्षा घेणारे हे दाते आज तालुक्या-तालुक्यांत आहेत. क्षयरुग्णांची नोंद ‘निक्षय’ प्रणालीत होते, पोषणाचे पैसे त्याच नोंदीवरून खात्यात जमा होतात. म्हणजे या माणसांपर्यंत पोचायची वाट शासनाला माहीत आहे.

हे सगळं साधलं तरी ऊतीला एक गोष्ट दिसणार नाही, आणि ती आपल्या मुंबईतच ठळकपणे पुढे आली. केईएम रुग्णालयात डॉ. शरदिनी डहाणूकर, डॉ. निर्मला रेगे, शल्यचिकित्सक डॉ. रवी बापट आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी पित्तमार्ग अडून झालेल्या काविळीत शस्त्रक्रियेआधी गुळवेल देऊन पाहिली. या रुग्णांची प्रतिकारशक्ती मंदावलेली असते आणि जंतुसंसर्गाने ते दगावतात. गुळवेलीने ती शक्ती सावरली आणि मृत्यू कमी झाले, असं त्यांनी १९९३ साली मांडलं. झाडांवर मराठीत इतकं प्रेमाने लिहिणाऱ्या डहाणूकरांनी वनस्पतीला आधुनिक औषधशास्त्राच्या कसोटीवर घासून पाहिलं, याचं मोल फार मोठं आहे. मोजलेला अर्क, ठरलेली मुदत, डॉक्टरांची नजर.

मग करोना आला. बांधावरच्या कडुनिंबावर चढलेली गुळवेल आमच्या गावात घरोघरी काढ्यात पडली. सप्टेंबर ते डिसेंबर २०२० या काळात मुंबईत डॉ. आभा नगराळ आणि त्यांच्या सहकाऱ्यांकडे गुळवेल घेणारे सहा जण यकृत बिघडून आले. त्यातली एक मधुमेही महिला वाचली नाही. पुढे देशातल्या तेरा केंद्रांनी मिळून असे ४३ रुग्ण नोंदवले. आयुष मंत्रालयाने आक्षेप घेतला की ती गुळवेल नसून तिच्यासारखी दिसणारी दुसरी वेल असावी. डॉक्टर आपल्या निष्कर्षावर ठाम राहिले. यकृताच्या तुकड्यांत जे दिसलं ते स्वप्रतिकार यकृतदाहासारखं होतं : शरीराची संरक्षक फौज स्वतःच्याच यकृतावर चालून गेलेली. प्रतिकारशक्ती जागवणारी वनस्पती, ज्यांच्यात ही फौज आधीच बिथरलेली होती अशांना महाग पडली असावी. मला यात विरोधाभास दिसत नाही. १९९३ साली जो गुण कामाला आला, तोच २०२० मध्ये दुसऱ्या शरीरात दोष ठरला.

चिपमध्ये कुफर या यकृतातल्या रक्षक पेशी असतात, पण टी-पेशींची फौज नसते, प्लीहा नसते, आधीच्या आजारांची आठवण नसते. म्हणून गुळवेलीची अशी बाधा आजच्या चिपवर दिसेलच असं नाही. रुग्णाच्या यकृतपेशींसोबत त्याच रुग्णाच्या प्रतिकारपेशी ठेवायचे प्रयोग चालू आहेत, आणि तेही एकाच माणसाच्या रक्तातून दोन्ही मिळाले तरच साधणार. पुन्हा तेच : कोणाचं रक्त?

रक्त मागायचं तर रीतसर मागायला हवं. १९५१ साली बाल्टिमोरमध्ये हेन्रिएटा लॅक्स या कृष्णवर्णीय महिलेच्या गाठीतल्या पेशी तिला न विचारता घेतल्या गेल्या आणि त्यांच्यावर जगभर उद्योग उभा राहिला. आपल्याकडे संमतीपत्रं इंग्रजीत येतात, किंवा अशा मराठीत की ती इंग्रजीपेक्षा अवघड. जिच्या पेशी पुढची पन्नास वर्षं गोठवून ठेवायच्या, तिला त्या कुठे जाणार, कोण वापरणार, त्यातून औषध निघालं तर ते तिच्या तालुक्यात कोणत्या भावाने मिळणार, हे सगळं तिच्या बोलीत बसून सांगितलं पाहिजे. हे काम पुण्या-मुंबईहून गाडी पाठवून होणार नाही. बुलढाण्यात २०२४ साली शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झालं आहे, अकोल्यात आधीपासून आहे. औषधशास्त्राचा विभाग दोन्हीकडे असतो. रक्त घेणं, संमती घेणं, नमुना थंड ठेवून पुण्याच्या केंद्रापर्यंत पोचवणं, यासाठी लागणारी माणसं जिल्ह्यातच तयार होत आहेत.

ती पेढी उभी राहीपर्यंत जे हाती आहे ते तरी नीट व्हावं. गोळ्या सुरू करण्याआधी यकृताची तपासणी, ज्यांना धोका जास्त त्यांची पहिल्या काही आठवड्यांत पुन्हा, आणि भूक मेली की त्याच दिवशी आशाताईला कळवायचं, एवढं प्रत्येक रुग्णाच्या घरी माहीत असलं पाहिजे. औषध बाधलं तर त्याची नोंद करण्यासाठी २०१० पासून भारतीय औषधदक्षता कार्यक्रम चालू आहे. त्याचा निःशुल्क क्रमांक १८००-१८०-३०२४ असा आहे. डॉक्टरनेच कळवावं असं नाही, रुग्ण किंवा घरचं माणूसही कळवू शकतं. औषधाचं नाव, ते कधी सुरू केलं, त्रास कधी सुरू झाला आणि काय झाला, हे सांगायचं. काढा घेत असाल तर तोही सांगायचा.